कापसाच्या शेतांतील खटला

खून एकानें करावा आणि जाब सरकारनें द्यावा, हा कोणता न्याय? अशी शंका श्रोत्यांच्या मनांत सहज येईल. तिचें उत्तर मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरील सिउदाद ह्वारेस शहरांतील एका खटल्यांत मिळतें.

या शहरांत परदेशीं जाणारा माल तयार करणारे मोठे कारखाने आहेत. १९९३ पासून तेथें स्त्रिया नाहींशा होऊं लागल्या व पुढें त्यांचीं प्रेतें सांपडूं लागलीं. २००१ च्या आक्टोबरांत वीस वर्षांची एक कामकरी मुलगी कारखान्यांत जरा उशिरां पोंचली. तिला आंत घेतलें नाहीं, आणि ती घरींहि परतली नाहीं. तिच्या व तिच्यासारख्या इतर मुलींच्या घरच्यांनीं वर्दी दिली, तेव्हां पोलिसांचा सूर असा, कीं पोरगी कोणाबरोबर तरी गेली असेल, येईल परत! नोव्हेंबरांत कापसाच्या एका शेतांत आठ मृतदेह सांपडले.

यांपैकीं तीन मुलींच्या आप्तांनीं २००२ सालीं अमेरिका खंडांतील मानवी हक्क आयोगाकडे धांव घेतली. आयोगानें २००७ सालीं हें प्रकरण कोस्टा रिका देशांतील न्यायालयापुढें नेलें. हें न्यायालय खुन्यास तुरुंगांत धाडीत नाहीं. त्याच्यापुढें प्रतिवादी म्हणून उभें राहतें तें राष्ट्र. स्त्रियांवरील अत्याचार टाळण्यास व त्यांचा तपास करण्यास राष्ट्रानें तत्पर असलें पाहिजे, असा करार १९९४ सालीं झालेला होता.

१६ नोव्हेंबर २००९ च्या निकालांत न्यायाधीशांनीं काळाचे दोन भाग पाडले. मुली नाहींशा होण्यापूर्वीं नेमक्या त्यांच्यावरच संकट आहे हें सरकारला ठाऊक नव्हतें. तेथवर त्यास दोषी धरलें नाहीं. परंतु वर्दी मिळतांच स्थिति पालटली. शहरांत काय चाललें आहे हें पोलिस जाणत होते. शोधाचे पहिले तास त्यांनीं व्यर्थ दवडले. मुलीच्या चालीविषयीं घेतलेला संशय हाहि न्यायालयानें भेदभावच ठरविला. निकालांतील हा भाग सर्वांत मोलाचा होय.

संकट आधींच ठाऊक असेल तर? त्याच वर्षीं युरोपच्या न्यायालयानें तुर्कस्तानाविरुद्ध सांगितलें, कीं मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या धाकानें बायकोनें फिर्याद मागें घेतली, एवढ्यानें सरकार मोकळें होत नाहीं. त्या जांवयानें सासूचा खून केला होता.

मेक्सिकोनें पुन्हा तपास करावा, भरपाई द्यावी, दोष जाहीरपणें कबूल करावा व स्मारक उभारावें, असें न्यायालयानें फर्माविलें. दोषाची कबुली २००१ सालीं जेथें प्रेतें सांपडलीं त्याच जागीं, २०११ सालीं देण्यांत आली.