एक इंजिन थांबले तर?

वर्ध्यावरून जाणारे विमान पाहताना मनात येते, वाटेत इंजिन बंद पडले तर? जोडीतला एक बैल बसला, की गाडी त्याच अंगाला वळते. विमानाचेही तसेच, बरे का! वैमानिक आधी पायाने सुकाणू दाबून ते सरळ राखतो, वेग सांभाळतो. मगच दोघे वैमानिक मिळून कोणते इंजिन गेले ते ताडून पाहतात. उंचावर यास सवड मिळते, जमीन सोडताना मिळत नाही. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरच्या सोनेगावहून निघालेल्या डाकोटाचे इंजिन उडताच ढेपाळले; १३ जण प्राणास मुकले. म्हणूनच आज दोन इंजिनांच्या प्रवासी विमानास एका इंजिनावर उड्डाण पुरे करता आलेच पाहिजे, आणि वैमानिकांकडून त्याचा सराव वरचेवर करवून घेतात.