न बोलणाऱ्या मुलाची भाषा

हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी पोट दुखते, अंथरूण ओले होते किंवा झोपेत दचकते म्हणून दवाखान्यात आणलेले मूल बहुधा आधी जंत, दृष्ट किंवा बाहेरची बाधा या संशयांतून गेलेले असते, आणि त्यामागे अत्याचार असू शकेल हा विचार घरातच काय, उपचार करणाऱ्याच्याही मनात उशिरा येतो. यांपैकी एकही लक्षण पुरावा नव्हे. मात्र सुटलेली सवय परतणे, विशिष्ट नातेवाइकाची धास्ती, वयाला न शोभणारे लैंगिक ज्ञान, आणि जखमेशी न जुळणारी कहाणी या गोष्टी एकत्र आल्या, तर मुलाशी एकांतात, उत्तर न सुचवणाऱ्या प्रश्नांनी बोलणे आवश्यक ठरते. केंद्र शासनाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सांगितला होता, आणि अत्याचारी बहुतेकदा ओळखीचाच असतो. म्हणून सोबत आलेल्या पालकाचेच म्हणणे अंतिम मानणे धोक्याचे असते.

पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या 2012 च्या कायद्याच्या कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असून, ‘घराची अब्रू’ हे सबळ कारण ठरत नाही. मदतीसाठी 1098 हा क्रमांक विनाशुल्क आहे.