क्रूझवर चढलात की आधी जहाज ओळखा

सुट्टीचे बेत आखताना बंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या मराठी घरांत हल्ली क्रूझचं नाव निघतं, आणि पाठोपाठ ऐकीव माहितीही.

गैरसमज: क्रूझसाठी मुंबईच गाठावी लागते.
मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जहाज जातं हे खरं. पण बंगळुरूहून चेन्नई साधारण साडेतीनशे किलोमीटरवर आहे, आणि कॉर्डेलिया क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाने जून 2023मध्ये तिथून श्रीलंकेच्या फेऱ्या सुरू केल्या. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळतो, त्यामुळे मोसमाप्रमाणे बंदर बदलू शकतं. रजा टाकण्याआधी वेळापत्रक पाहावं. परदेशी बंदर असेल तर तान्ह्या बाळालाही पासपोर्ट लागतो.

गैरसमज: सगळ्यात वरची, पुढची खोली सगळ्यात चांगली.
देखावा छान, पण हेलकावेही तिथेच जास्त. एसटीत मागच्या सीटवर धक्के जास्त बसतात, तसंच हे. आजी-आजोबा बरोबर असतील किंवा कुणाला गाडी लागत असेल, तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची खोली घ्यावी. लिफ्टही बहुधा जवळ पडते.

गैरसमज: जहाजावर हरवण्यासारखं काय आहे?
लांबच लांब, एकसारखे बोळ. जिना चढून वर आलं की नाळ (जहाजाचं पुढचं टोक) कुठल्या दिशेला, हेच कळेनासं होतं. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे ‘पोर्ट’, उजवीकडे ‘स्टारबोर्ड’; या बाजू जहाज कुठेही वळलं तरी बदलत नाहीत. बहुतेक जहाजांवर खोलीच्या क्रमांकाचा सुरुवातीचा आकडा मजला सांगतो. काही जहाजांच्या गालिच्यावरचे मासे नाळेच्या दिशेने पोहताना विणलेले असतात. मुलांना ही खूण फार आवडते. अनेक जहाजांवर एकाच मजल्यावरून या टोकापासून त्या टोकाला जाता येत नाही, मध्ये भोजनगृह किंवा स्वयंपाकघर आडवं येतं. मग वर चढून, पलीकडे जाऊन पुन्हा खाली उतरावं लागतं. सामान टाकलं की मुलांना घेऊन एक फेरी माराच.

गैरसमज: सुरक्षेची कवायत म्हणजे नुसता उपचार.
या समजाची मला खरोखर भीती वाटते. 13 जानेवारी 2012च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही क्रूझ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली आणि 32 जण गेले. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हा ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. 2015पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमण्याच्या ठरलेल्या जागी पोहोचायचं, तेही जिन्याने. ते स्थान बहुधा खोलीच्या दारामागे किंवा तुमच्या कार्डावर लिहिलेलं असतं. खोलीपासून तिथपर्यंत एकदा मुलांसह चालत जा, आणि त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट कुठे मिळतील ते कर्मचाऱ्यांना विचारून घ्या.

गैरसमज: चुकामूक झाली तर फोन आहेच.
किनारा मागे पडला की आपलं नेटवर्क जातं. फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडू शकतो, आणि त्याचं बिल जबर येतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, वायफायचे दर आधी विचारावेत. भेटीची एक ठरलेली जागा आणि वेळ घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असावी, आणि लहान मुलांच्या खिशात खोली क्रमांकाची चिठ्ठी.