३१ फुटांच्या आत

सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात दादाकडे फ्रीमाँटला उतरले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर एक शंभरपानी वही पडलेली होती. किराण्याची असेल म्हणून सहज उघडली, तर आत वहिनीच्या अक्षरात रकाने आखलेले: लांबी, अँपिअर, सावली, उतार, मैल्याची सोय. नापा आणि सोनोमाच्या द्राक्षपट्ट्यात मोटरहोम घेऊन चार रात्री काढायच्या होत्या, आणि त्या कुठे काढायच्या हे ती मार्चपासून ठरवत होती. मी दिंडोरीच्या द्राक्षबागेत वाढलेली. आमच्याकडे पाहुणा आला की सतरंजी पसरायची, झालं. एका रात्रीच्या झोपेला एवढा हिशेब का लागतो, हे बघायला मी त्यांच्याबरोबर निघाले.

सोनोमा हे नाव घरी जुनंच. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन घडवायला मदत केली ती सोनोमाच्या केरी डॅम्स्की यांनी, त्यामुळे आमच्या पट्ट्यात ते नाव आदरानं घेतलं जायचं. पण तिथल्या खोऱ्यात रात्रीपुरतं गाडी उभी करायला जागा मिळणं किती कठीण, हे कुणी सांगितलं नव्हतं. कारण मात्र चांगलं आहे. १९६८ साली नापा काउंटीनं खोऱ्यातली शेतजमीन राखीव केली. अमेरिकेतलं असं हे पहिलंच पाऊल. आज खोऱ्याच्या सपाटीवर ४० एकरांपेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. १९७६ मध्ये पॅरिसच्या चाचणीत नापाच्या वाइननं फ्रेंच वाइनला मागे टाकलं. त्यानंतरही हे खोरं बंगल्यांनी आणि हॉटेलांनी भरलं नाही, ते या राखीव जमिनीमुळे. नाशिकला गंगापूर रोडच्या बागा जाऊन इमारती उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. मला त्या कायद्याचा हेवा वाटला.

मग राहायचं कुठे? नापा शहरात एक्स्पोच्या मैदानावर वीज, पाणी, मैल्याची नळी सगळं जागेवर मिळतं, पण आजूबाजूला शहर. शहराच्या पूर्वेला मनोरुग्णालयाच्या जुन्या जमिनीवर स्कायलाइन पार्क आहे, तिथेही जोडणी मिळते. सोनोमाकडचं शुगरलोफ रिज देखणं, वर दुर्बीण बसवलेली वेधशाळा; २०१७ आणि २०२०, दोन्ही वणव्यांत पोळलेलं. पण रस्ता अरुंद नि चढाचा. ओकव्हिल ग्रेडच्या घाटावर वहिनीनं लाल पेनानं काट मारली होती. हार्वेस्ट होस्ट्सचं सदस्यत्व घेतलं की काही वाइनरी त्यांच्या अंगणात एक रात्र फुकट राहू देतात; वीज-पाणी नसतं, आणि निघताना एखादी बाटली विकत घ्यायची रीत असते.

खरी ओढाताण सावली आणि वीज यांच्यात. सप्टेंबरात दुपारचा पारा सहज ३५ च्या पुढे जातो. ३० अँपिअरच्या जोडणीवर ३,६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. जिथे झाडांची गार सावली असते तिथे बहुधा वीज नसते, आणि जिथे वीज असते तिथे डोक्यावर ऊन. वहिनीनं पहिली रात्र विजेची घेतली, उरलेल्या तीन सावलीच्या.

ती पहिली रात्र खोऱ्याबाहेरच्या एका खासगी कॅम्पग्राउंडवर गेली. कागदावर सगळ्या जोडण्या होत्या. प्रत्यक्षात मैल्याच्या नळीचं तोंड जमिनीपासून वीतभर वर, त्यामुळे पाणी उतरेना. दादा रबरी हातमोजे घालून नळी हातभर उचलून धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. आधी मैल्याची टाकी, मग भांड्यांचं सांडपाणी, म्हणजे मागून नळी धुऊन निघते. अर्धा तास तो तसा वाकलेला होता. वहिनीनं वहीत नवा रकाना आखला: ‘नळीच्या तोंडाची उंची’.

दुसऱ्या दिवशी सेंट हेलेना आणि कॅलिस्टोगा यांच्यामधल्या बोथे-नापा पार्कमध्ये पोहोचलो. रेडवूडची उंच, ओलसर सावली. वहिनीनं गाडीतल्या टेबलावर फुलपात्रात अर्धं पाणी ठेवलं, त्याची कड बघत दादाला पुढच्या चाकाखाली एक फळी सरकवायला सांगितली. पाणी सपाट झालं तेव्हा गाडी लागली.

तिथेच ती भेटली. सत्तरीची असावी, कॅम्प होस्ट. आधी शाळेची बस चालवायची. आता आठवड्याला वीस तास काम करायचं आणि त्या बदल्यात स्वतःच्या ट्रेलरला जागा. कमरेला टेप. इथे मोटरहोमला ३१ फुटांची मर्यादा आहे. हा आकडा ती दिवसातून कितीदा उच्चारत असेल कोण जाणे. मी का म्हणून विचारलं, तर ती मला वळणावरच्या एका रेडवूडपाशी घेऊन गेली आणि माझा हात धरून सालीवर ठेवला. कमरेच्या उंचीवर एक आडवी, गुळगुळीत झालेली खाच होती. बत्तीस-तेहतीस फुटांवाल्यांची, ती म्हणाली.

संध्याकाळी एक जोडपं आलं. बंपरपासून सायकलींच्या रॅकपर्यंत ३४ फूट. होस्टनं दोनदा मोजलं, दुसऱ्यांदा सावकाश. त्यांनी सहा महिने आधी जागा धरली होती, बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. होस्टनं आवाज चढवला नाही. स्वतःच्या फोनवरून तीन ठिकाणी विचारलं, एक जागा मिळवली, रस्त्याचा नकाशा कागदावर काढून दिला आणि ते गाडी उलटी घेत असताना अंधारात टॉर्च दाखवत मागे मागे चालत गेली. ते मागे चालणं माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

पहाटे तीनला जाग आली. महामार्गापलीकडच्या बागेत दिव्यांचा लख्ख उजेड, ट्रॅक्टरची घरघर. रात्रीच्या गारव्यात घड तोडतात, म्हणजे ते थंड राहून वाइनरीत पोहोचतात. वाकड्या पात्याच्या सुऱ्या घेतलेली माणसं ओळीतून जवळजवळ पळत होती. वाऱ्यावर आंबूस, गोडसर वास येत होता, आमच्याकडे फेब्रुवारीत शेडबाहेर पडलेल्या मण्यांचा येतो तसा. होस्ट जागीच होती, कॉफीचा मग घेऊन.

ही माणसं झोपतात कुठे, असं मी विचारलं. काउंटीची शेतमजुरांसाठी तीन वसतिगृहं आहेत, साठ-साठ खाटांची, ती म्हणाली. बागायतदार त्यासाठी एकरी पट्टी भरतात. १८० खाटा. बाकीचे फेअरफिल्डहून, व्हॅलेहोहून गाड्या करून येतात. ‘एकशेऐंशी,’ ती पुन्हा म्हणाली, आणि मग अगदी सहज तिनं विचारलं, ‘तुमच्याकडचे कुठे झोपतात?’

पेठ, सुरगाण्याहून हंगामाला येणारी कुटुंबं मी लहानपणापासून पाहते. बागेच्या बांधाला, पंपाच्या खोलीशेजारी, प्लास्टिकच्या कागदाखाली. तसं मी सांगितलं. किती जणांना किती जागा, असं तिनं विचारलं. ती मोजणारी बाई, तिचा प्रश्न साधा होता. मला उत्तर देता आलं नाही.

निघताना वहिनीनं फुलपात्रातलं पाणी झाडाच्या मुळाशी ओतलं आणि बोथेच्या रकान्यात लिहिलं: ‘सपाट. गार. ३१ च्या आत. पुन्हा.’

जानेवारीत दिंडोरीला वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू होईल. वही मी वहिनीकडून मागून आणली आहे. निम्मी पानं कोरी आहेत, आणि एक टेप घेतली आहे.