गुरांना कपडे? हो, पण गरजेपुरते!



शहरात हल्ली कुत्र्याला स्वेटर घालून फिरायला नेतात. ते पाहून आपल्याला हसू येते. पण पोळ्याला आपणही बैलाच्या पाठीवर झूल टाकतो, कपाळाला बाशिंग बांधतो. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे नटूनथटून उभे असतात. तेव्हा जनावराला कपडे घालणे आपल्याला नवे नाही. प्रश्न एवढाच, की तो कपडा जनावराच्या गरजेसाठी आहे की आपल्या हौसेसाठी?

हौस वाईट नाही. वर्षभर राबणाऱ्या बैलाचा तो मान आहे. मात्र पोळा येतो तो पावसाळ्यातल्या दमट दिवसांत. सुती झूल तास-दोन तास चालेल. नायलॉनची जाड झूल दिवसभर ठेवली, तर अंगातली उष्णता कोंडते आणि बैल धापा टाकू लागतो. मिरवणूक आटोपली की झूल उतरवा आणि बैलाला सावलीत बांधून पाणी पाजा.

खरी गरज पडते ती थंडीत. आपल्या धुळे जिल्ह्यात कडाक्याच्या थंडीत पारा ६-७ अंशांपर्यंत उतरतो. धडधाकट गाय-बैल तेवढी थंडी सोसतात, कारण पोटात वैरण आंबताना त्यांना ऊब मिळते. त्यांना रात्री चार पेंढ्या कडबा जास्त टाका आणि वाऱ्याची बाजू बंद करा. वासराचे तसे नाही. पहिले दोन-तीन आठवडे ते दुधावरच असते, अंगावर चरबीही नसते. पारा १५ अंशांच्या खाली गेला, की अंग गरम ठेवण्यातच त्याचे बळ खर्च होते. म्हणून थंड देशांतले गोपालक वासरांना जाकिटे घालतात. २०१९ साली अयोध्येच्या महापालिकेनेही गोशाळेतल्या गाईंसाठी तागाचे कोट शिवण्याचे ठरवले होते.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी "वासरांना गोणपाटाची झूल घाला" असे सांगून मी निघून आलो. पंधरा दिवसांनी गेलो, तर एका घरची कालवड दगावली होती. गोणपाट रात्रंदिवस तिच्या अंगावर होते. मुताने आणि दवाने ते भिजले, ओल्या कपड्याने थंडी आणखीच भरली आणि छाती धरली. घरातली आजी म्हणाली, "भाऊसाहेब, घालायला सांगितलं, काढायला कुठं सांगितलं?" मला उत्तर देता आले नाही. ती कालवड त्या घरची पुढची दुभती गाय होती. तेव्हापासून मी कोठेही गेलो, तरी झूल काढायचे आधी सांगतो.

एवढे ध्यानात ठेवा :

१. सूर्य मावळल्यावर झूल घाला, ऊन वर आले की काढा आणि दिवसभर उन्हात वाळवा. ओली झूल घालण्यापेक्षा न घातलेली बरी. घरात दोन झुली असाव्यात.

२. दोंडाईचा मिरचीचा बाजार. घरोघरी मिरचीची रिकामी पोती पडलेली असतात. ती वासराच्या अंगावर टाकू नका. कातडी आणि डोळे भाजल्यासारखे होतात. खताची किंवा औषध लावलेल्या बियाण्याची पोतीही नकोत. धान्याचे पोते धुऊन, वाळवून घ्या आणि आतून जुने सुती लुगडे शिवा.

३. झूल खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत असावी. बंद छातीशी आणि पोटाखाली बांधा, आत तळहात जाईल इतके सैल ठेवा. गळ्याला दोरी नको. मुताची जागा मोकळी ठेवा.

४. नवे वासरू आधी कोरडे पुसा आणि तासाभरात चीक पाजा. खाली कोरड्या भुशाचे अंथरूण हवे. अंथरूण ओले असेल, तर वरच्या झुलीचा उपयोग नाही.

५. शेतावरच्या राखणीच्या कुत्र्यालाही स्वेटर नको. वाऱ्याआड कोरडे पोते अंथरले की पुरे.

आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा गोठ्यात जा आणि वासराचा कान हातात धरून पाहा. कान गार लागला, केस उभे दिसले, वासरू कुडकुडत असले, तर झूल घाला. ते ढासत असेल किंवा दूध पीत नसेल, तर मात्र झुलीवर विसंबू नका. सकाळीच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.