खंडेनवमीच्या पाटावरील जुने पाते

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. घरातील शस्त्रे व अवजारे पाटावर मांडून त्यांस हळदकुंकू व झेंडूची फुले वाहावीत आणि दुसऱ्या दिवशी शमीपूजनास सीमोल्लंघन करावे, ही आपली परंपरा. अज्ञातवासास निघालेल्या पांडवांनी आपली आयुधे शमीवृक्षावर लपविली, ही कथा आबालवृद्धांस ठाऊक आहे. खानदेशातील अनेक घराण्यांची कुलस्वामिनी जी सप्तशृंगी, तिच्या अठरा हातांतही बहुतांशी आयुधेच आहेत.

परंतु ज्या घरी वाडवडिलांचे शस्त्र उरलेले नाही, तेथे कोणी जुन्या बाजारातून एखादी कट्यार वा सुरा आणून पूजेत ठेवतो. विकणारा 'शिवकालीन' म्हणून हमी देतो आणि पुढच्या पिढीत तेच पाते 'आमच्या खापरपणजोबांचे' होऊन बसते. देवापुढे मांडावयाच्या वस्तूविषयी तरी खोटे बोलले जाऊ नये, असे आम्हांस वाटते. म्हणूनच अशा पात्याची ओळख कशी पटवावी, याचा येथे थोडा विचार करू.

आधी घासू नका

घरी आणताच चिंच, राख किंवा वाळूने पाते लखलखीत करण्याचा मोह आवरावा. वर्षानुवर्षांत चढलेला काळसर थर हाच त्याच्या वयाचा पुरावा असतो. पुसट अक्षरे व सोन्याचांदीचे कोफ्तगारी काम घासण्याने कायमचे जाते. मऊ, कोरड्या कापडाने धूळ पुसावी व तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, इतकेच पुरे. पूजेत हळदकुंकू पात्याखालील वस्त्रावर वाहावे. ओले गंध पोलादावर राहिले की तांबडा गंज धरतो.

मूठ बोलते, पाते सांगते

नाव ठरवावयाचे ते आधी मुठीवरून. दोन समांतर पट्ट्या व त्यांमध्ये मुठीत धरावयाच्या आडव्या दांड्या असतील, तर ती कट्यार. चिलखत भेदता यावे म्हणून तिचे टोक पुष्कळदा जाड केलेले असते. विंचवाच्या नांगीसारखे दुहेरी वळण आणि कड्यासारखी मूठ असेल, तर तो बिचवा. पाठीशी जाड कणा व पुढे निमुळते होत गेलेले टोक हे पेशकबजाचे लक्षण. रुंद, वाकडे, दुधारी पाते व मधोमध उठलेली शीर असेल, तर तो जंबिया, म्हणजे मूळचा अरबांचा खंजीर. खानदेशात जंबिया मिळाल्यास नवल नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा थाळनेरच्या किल्ल्यात आणि त्या काळी खानदेशात मोडणाऱ्या मालेगावात त्यांच्याशी झुंजली ती अरबांचीच शिबंदी.

त्यानंतर पाते पाहावे. जुन्या उत्तम पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. मात्र युरोपातून आलेल्या तलवारीचे तुटके पाते कापून केलेल्या कट्यारीही आढळतात, तेव्हा परदेशी खूण दिसताच वस्तू खोटी ठरवू नये. याउलट, ज्या पात्यास गंजच चढत नाही ते शिवकालीन असणे अशक्य, कारण न गंजणारे पोलाद इंग्लंडातील शेफील्ड येथे निघाले ते १९१३ साली, आणि महाराज कैलासवासी झाले १६८० साली. भोवतालचे पाते काळवंडलेले आणि कोरलेला शक तेवढा चकचकीत, असे दिसले तर तो शक मागाहून घातलेला समजावा.

पुराव्याची चाड

मोठमोठी संग्रहालयेही या बाबतीत शब्द जपून वापरतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये जी वाघनखे सातारच्या संग्रहालयात ठेवण्यास आली, ती ग्रँट डफच्या घराण्यातून मिळालेली. त्यांच्या पेटीवर शिवरायांचे नाव आहे. तथापि अफझलखानाच्या वेळची वाघनखे तीच, याची खातरजमा करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच नमूद करते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाले. गावोगाव हिंडून दप्तरे तपासणाऱ्या आणि अस्सल कागदावाचून इतिहास न मानणाऱ्या त्या पुरुषाच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात असताना, खानदेशकरांनी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबणे शोभत नाही. पाते कोठून, कोणाकडून, केव्हा व किती किमतीस घेतले, याची चिठ्ठी पावतीसह जपून ठेवावी. पुढील पिढीस तोच खरा दस्तऐवज.

कायद्याचीही जाण हवी. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरते व ती परस्पर परदेशी पाठविता येत नाही. शस्त्रविषयक नियमांत खंजिरांचा, तसेच ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचा समावेश आहे. घरगुती व शेतीची अवजारे त्यांतून वगळली आहेत. शंका वाटल्यास पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. देवस्थानातून गेलेले शस्त्रही बाजारात येऊ शकते, हे ध्यानी ठेवून देवतेचे नाव कोरलेले पाते विशेष चौकशीवाचून घेऊ नये.

आणि इतके करून ते पाते केळीच्या बागेतला साधा विळा किंवा स्वयंपाकघरातला सुरा निघाले, तर? खिन्न होण्याचे कारण नाही. खंडेनवमीस नांगराचा फाळ, सुताराचा वाकस, शिंप्याची कात्री यांचीही पूजा होतेच. ज्याने घाम गाळून घर पोसले, ते अवजार पाटावर बसण्यास पूर्ण अधिकारी आहे. फक्त त्यास त्याच्या खऱ्या नावाने बसवावे. उसन्या पराक्रमाच्या तलवारीहून खऱ्या नावाचा विळा देवीस अधिक प्रिय होईल, अशी आमची श्रद्धा आहे.