'घरी सगळ्यांना आवडलं' एवढ्यावर कोजागिरीचं दूध विकायला काढू नका



बारामती-इंदापूर पट्ट्यातून खाण्यापिण्याचा धंदा करायचा म्हणून येणारा जवळजवळ प्रत्येक जण माझ्यासमोर एकच पुरावा ठेवतो. "सर, घरी सगळ्यांना आवडलं." अहो, आवडणारच! जो रात्री अकरापर्यंत गॅसपुढे उभा राहून दूध आटवतोय, त्याच्या तोंडावर "जमलं नाही" कोण म्हणणार?

आज कोजागिरीच्या मसाला दुधाबद्दल बोलू. आपल्या भागात दुधाला तोटा नाही. त्यामुळे दरवर्षी कुणीतरी ठरवतं, यंदा सोसायट्यांना आणि मंडळांना शंभर-दोनशे ग्लास द्यायचे. आणि पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते. दूध गायीचं घ्यायचं की म्हशीचं?

डेअरीला गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, म्हशीच्या दुधाचा ६ फॅट आणि ९ एसएनएफला. म्हणजे म्हशीचं महाग पडणार. समजा, तुम्हाला लिटरमागे २० रुपये फरक पडतोय. २०० मिलीचे १०० ग्लास म्हणजे २० लिटर तयार दूध. पाच लिटरचं चार लिटर आटवलंत तर कच्चं दूध लागेल २५ लिटर. फरक झाला ५०० रुपये, ग्लासमागे ५ रुपये. गिऱ्हाइकाला तो फरक जिभेवर कळत असेल तर हे पैसे घालायलाच हवेत. कळत नसेल तर उगाच का घालवायचे?

याचं उत्तर शोधायची रीत मी बिअरवाल्यांकडून उचलली आहे. दचकू नका, बिअर विका असं सांगत नाहीये. पण शरद ऋतूतलं पेय म्हटलं की जगात त्यांचा अनुभव दांडगा. म्युनिकची मार्झेन घ्या. नावच मार्च महिन्यावरून पडलंय. फ्रिज नव्हते तेव्हा उन्हाळ्यात बिअर बिघडायची, म्हणून मार्चपर्यंत बनवून थंड तळघरात ठेवायची आणि शरदापर्यंत संपवायची. तिची चव माल्टची, ब्रेडच्या भाजलेल्या कडेसारखी. अमेरिकेत याच दिवसांत भोपळ्याची बिअर निघते. तिच्यात गंमत अशी की भोपळा फारसा लागतच नाही, लागतात दालचिनी, लवंग, जायफळ.

या दोन बिअर शेजारी ठेवल्या तर कुणीही ओळखेल. पण बिअर तीच ठेवून फक्त माल्ट बदललं तर? अशा बारीक फरकासाठी डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग कंपनीत १९४० च्या दशकात तीन ग्लासांची चाचणी वापरात आली. आपलं मसाला दूध त्या भोपळ्याच्या बिअरसारखंच आहे. वेलची-जायफळ पुढे बोलतात, दूध मागे राहतं. किती मागे, तेच आपल्याला मोजायचंय.

दोन्ही दुधं सारखीच आटवा, साखर-मसाला वजनकाट्यावर मोजून सारखाच घाला. प्रत्येकाला तीन ग्लास द्या. दोनांत एकच दूध, तिसऱ्यात दुसरं. विचारायचं एवढंच: "यातला वेगळा कोणता?" "कसं लागलं?" हा प्रश्न तोंडातून काढायचाच नाही. ग्लासांवर ४१७, ८५२ असे आकडे टाका, कारण १-२-३ लिहिलं की लोक एक नंबरकडे झुकतात. कोणता ग्लास वेगळा ते माणसागणिक बदला. निम्म्यांना दोन ग्लास गायीचे आणि एक म्हशीचा, उरलेल्यांना उलटं. मध्ये साधं पाणी. गायीचं दूध पिवळसर दिसतं, तेव्हा झाकणाला भोक पाडून स्ट्रॉ घाला, नाहीतर जिभेऐवजी डोळेच उत्तर देतील. आणि दूध ज्या तापमानाला विकणार त्याच तापमानाला चाखवा. गार दुधात गोडी कमी जाणवते. गरम असताना बेताची लागलेली साखर फ्रिजमधून काढल्यावर कमी वाटते. इथे बऱ्याच जणांचं गणित चुकतं.

माणसं किमान १२ घ्या. घरातली नकोत. भिगवण रोडचा जिमवाला, निमगाव केतकीतला दुकानदार, जे खरंच पैसे देऊन पिणार आहेत असे. नुसत्या अंदाजाने सांगितलं तरी तिघांत एकाचं बरोबर येतं, म्हणजे बारात चौघं. म्हणून पाच-सहा जणांनी ओळखलं तर हुरळूनही जाऊ नका, घाबरूनही जाऊ नका. १२ पैकी ८ जणांनी ओळखलं तर फरक खरा समजा. २४ जण मिळाले तर १३ पुरेत.

ज्यांनी बरोबर ओळखलं फक्त त्यांनाच दुसरा प्रश्न: "कोणतं जास्त आवडलं?" म्हशीचं म्हणाले तर ५ रुपये जास्त लावायला तुमच्याकडे कारण आहे. गायीचं म्हणाले, आणि रोज घरी गायीचंच पिणारे तसं म्हणतातही, तर प्रश्नच मिटला. कुणालाच फरक कळला नाही तर गायीचं वापरा, मात्र पाटीवर 'म्हशीचं दूध' लिहू नका. ती सरळ फसवणूक आहे.

हे सगळं कोजागिरीच्या दोन आठवडे आधी उरका. मार्झेनवाल्यांना माल संपवायला महिने मिळायचे, तुम्हाला एक रात्र मिळते. म्हणून ऑर्डर आगाऊ पैसे घेऊनच नोंदवा आणि तेवढंच दूध आटवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मसाला दूध कुणी अर्ध्या किमतीतसुद्धा घेत नाही.